पालकांना बोलावलंय

‘उद्या पालकांना घेऊन येणे.’ डायरीतल्या लाल शाईच्या या ओळीनं महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या पोटात गोळा आणला आहे. आईला आधी दाखवायचं की बाबांना, की सही आपणच ठोकायची, या विचारात मूल घरी येतं. घरात डायरी उघडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काय केलंस?’ आता डायरीच्या जागी शाळेच्या ॲपवरचा मेसेज आला, पण प्रश्न बदललेला नाही. शाळेनं बोलावलं म्हणजे तक्रार आहे, आणि तक्रार आहे म्हणजे संध्याकाळी घरात वादळ आहे, हे आपल्याकडे सगळ्यांनीच गृहीत धरलं आहे.

शाळेत नव्यानं आलेल्या समुपदेशकाला हा वारसा आयता मिळतो. ती आईला फोन करते, ‘मी शाळेतून समुपदेशक बोलतेय’ एवढंच म्हणते, आणि पलीकडून आवाज येतो : ‘काय झालं? काय केलं त्यानं?’ थोड्या वेळानं, जरा दबक्या आवाजात, दुसरा प्रश्न : ‘म्हणजे त्याला डोक्याचं काही आहे का?’ या दोन प्रश्नांमध्ये समुपदेशकाचं निम्मं काम दडलेलं आहे. मुलाशी बोलण्याचं शिक्षण तिला मिळालेलं असतं. पालकांना शिक्षेविना शाळेत बोलावण्याची पद्धत मात्र तिला स्वतः घडवावी लागते. किशोरवयातल्या मुलांना आधार द्यायचा तर शाळेला आणि घराला एकमेकांशी न भांडता, एकमेकांवर न ढकलता बोलता आलं पाहिजे, आणि ते बोलणं मुलाच्या पाठीमागे होता कामा नये. या लेखात मला हेच सांगायचं आहे. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात ते का अडतं ते पाहू.

गरज किती आहे याचे आकडे आता हाताशी आहेत. ‘एनसीईआरटी’नं जानेवारी ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची मानसिक स्वास्थ्याविषयी पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणं असल्याचं ८१ टक्के मुलांनी सांगितलं. मुलं माध्यमिक वर्गात जातात तसतसं त्यांचं शाळेविषयीचं आणि स्वतःच्या आयुष्याविषयीचं समाधान कमी होत जातं, हेही त्यात दिसलं. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्यातले १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. आपण शिक्षणात पुढारलेलं राज्य म्हणवून घेतो, म्हणून हा आकडा मला जास्त टोचतो.

‘युनिसेफ’च्या २०२१ च्या अहवालातही एक महत्त्वाची गोष्ट आहे. एकवीस देशांतल्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींना विचारलं गेलं, की मन अस्वस्थ असताना इतरांशी बोलून मदत घेणं चांगलं का? सरासरी ८३ टक्क्यांनी होकार दिला. भारतात होकार देणारे फक्त ४१ टक्के होते. एकट्यानं सोसावं, चारचौघांत बोलू नये, हे मुलं घरीच शिकतात. त्यामुळे नुसती समुपदेशकाची खोली उघडून भागत नाही. त्या खोलीत जायला हरकत नाही, हे घरातून कळावं लागतं.

आपल्याकडे समुपदेशन शाळेत शिरलं ते करिअर आणि परीक्षा यांच्या दारानं. दहावीनंतर काय, कल कुठे आहे, कोणती शाखा घ्यावी, यासाठी चाचण्या झाल्या. राज्य मंडळ दरवर्षी दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. ‘सीबीएसई’ची परीक्षाकाळातली हेल्पलाइन १९९८ पासून आहे. २०१० च्या जानेवारीत मुंबई आणि परिसरात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ आल्या, तेव्हा अनेक शाळांनी घाईघाईनं समुपदेशक नेमले आणि पालकांसाठी व्याख्यानं ठेवली. यातलं काहीच वाईट नव्हतं. फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये जागं होणाऱ्या या व्यवस्थेला जुलैमध्ये सातवीतल्या मुलीचं जेवण का कमी झालंय, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

त्या खोलीत खरं काय चालतं ते एका उदाहरणातून सांगतो. खऱ्या मुलाची गोष्ट सांगणं योग्य नाही, म्हणून हा मुलगा कल्पित आहे. त्याच्या गोष्टीतला प्रत्येक तुकडा मात्र कुठल्याही शाळेच्या समुपदेशकाला ओळखीचा वाटेल.

नववीतला मुलगा. पहिल्या घटक चाचणीत बरा होता, सहामाहीत घसरला. सोमवारी सकाळी पोट दुखतं, शनिवारी दुखत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. वर्गात मान खाली, डबा अर्धा परत. घरी विचारलं की ‘काही नाही’ म्हणतो, पुन्हा विचारलं की दार आपटतो. आई म्हणते वय आहे, वडील म्हणतात मोबाईल आहे. वर्गशिक्षिका त्याला समुपदेशकाकडे पाठवते.

पहिल्या दोन-तीन भेटींत तो जवळजवळ काही बोलत नाही. क्रिकेट, बस, शाळेच्या पायऱ्यांवरची मांजर. समुपदेशकालाही घाई नसते, नसावी. एक गोष्ट मात्र ती पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते : इथलं बोलणं इथेच राहील, फक्त तीन बाबतींत राहणार नाही. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्यावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर मला मोठ्यांना सांगावंच लागेल. आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन. हा करार पालकांनाही तितक्याच स्पष्टपणे कळवायला हवा. वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत, सगळ्यांसमोर, कुठलीही अडचण उभी राहण्याआधी. बहुतेक ठिकाणी हे होत नाही आणि पुढची सगळी भांडणं तिथून सुरू होतात.

चौथ्या भेटीत कळतं. त्याचा आवाज फुटायला लागलाय. मराठीच्या तासाला धडा वाचताना तो चिरकला. कुणीतरी ते रेकॉर्ड केलं, त्याच्या फोटोचं स्टिकर बनवलं, आणि वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर रोज रात्री ते फिरतं. घरी का सांगितलं नाहीस? तो थांबून सांगतो, की बाबा मोबाईल काढून घेतील, आणि शाळेत येऊन त्या मुलांच्या घरच्यांशी भांडतील. मग मी कायमचा संपलो.

मला हा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. मुलं अनेकदा त्रास लपवतात ते त्रासाला घाबरून नव्हे, तर तो कळल्यावर मोठी माणसं काय करतील याला घाबरून. वडिलांचं प्रेम खरं आहे, संतापही त्या प्रेमातूनच येणार आहे, आणि नेमकं तेच मुलाला नको आहे. समुपदेशकाचं पुढचं काम या दोघांमधला रस्ता बांधण्याचं आहे.

ती मुलाला विचारते : घरी काय सांगायचं? कुणी सांगायचं, तू की मी? आई-बाबा दोघांना एकदम की आधी आईला? तू खोलीत असशील की बाहेर? तो ठरवतो, की बाईंनी सांगावं, आपण बाहेर बसू, दहा मिनिटांनी आत येऊ. ग्रुपमधल्या मुलांची नावं सांगायची नाहीत. एवढं ठरलं की मगच पालकांना फोन जातो, आणि त्या फोनवरचं पहिलं वाक्य असतं : ‘त्यानं काहीही केलेलं नाही. तुमची मदत हवी आहे.’

भेटीत वडील विचारतात, ‘त्यानं तुम्हाला सगळं सांगितलं? आम्हाला नाही सांगितलं?’ यात राग असतो, पण त्याहून जास्त दुखावलेपण असतं. चौदा वर्षं ज्याला वाढवलं त्यानं मनातलं तीन महिन्यांच्या ओळखीच्या बाईंना सांगावं, हे कुठल्याही आई-बापाला लागणारच. चांगली समुपदेशक हे दुखणं बाजूला सारत नाही. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं, कारण परक्याला निराश करण्याची भीती नसते. घरच्यांचं मन राखायचं असतं म्हणूनच मूल घरी गप्प बसतं, हे ती समजावून सांगते. मग ती नेमक्या, छोट्या गोष्टी मागते. दोन आठवडे मोबाईल काढून घेऊ नका. ग्रुपचं काय करायचं ते शाळा बघेल, तुम्ही कुणाला फोन करू नका. जेवताना मार्कांचा विषय नको. बाबांनी आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत कुठेही जावं, सलूनमध्ये किंवा गाडीत हवा भरायला, आणि वाटेत त्याला काही विचारू नये. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन.

हे सगळं पार पडतंच असं नाही. वडिलांना दुसऱ्याच रात्री राग आवरत नाही, मोबाईल कपाटात जातो, मुलगा आठवडाभर समुपदेशकाकडे फिरकत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं दोनदा-तीनदा झालं तरी समुपदेशक आणि पालक यांचं बोलणं टिकलं, तर मुलाला कळतं की ही माणसं एका बाजूला आहेत आणि ती आपल्या बाजूला आहेत.

या भेटींना येतं कोण, हाही प्रश्न आहे. शाळेच्या वेळेत बोलावलं की बहुतेक आईच येते, अनेकदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून किंवा कामाच्या घरी सांगून. घरी गेल्यावर तिला सगळं वडिलांना ‘सांगावं’ लागतं, आणि ते तिच्यावरच उलटतं : ‘तूच लाडावून ठेवलंस.’ शाळांनी पालकभेटी शनिवारी दुपारी किंवा संध्याकाळी उशिरा ठेवल्या तर वडील येऊ शकतात. साध्या वेळापत्रकाचा हा प्रश्न आहे आणि तो सोडवायला पैसे लागत नाहीत. आजी-आजोबांनाही बोलवावं. दुपारी तीनपासून सातपर्यंत मूल ज्यांच्यासोबत असतं, त्यांना कुणीच काही सांगत नाही.

पालकांची एक मागणी मात्र समुपदेशकानं नाकारायलाच हवी. ‘मॅडम, तुम्हीच विचारा तिला, तो मुलगा कोण आहे ते. तुमचं ऐकेल ती.’ मुलगी कुणाशी बोलते, कुणासोबत फिरते हे काढून घेण्यासाठी समुपदेशकाचा उपयोग झाला, की ती खोली त्या मुलीसाठीच नव्हे, तिच्या सगळ्या मैत्रिणींसाठी बंद होते. ही बातमी मधल्या सुट्टीत शाळाभर पसरते. कायद्यानं सांगावं लागतं तिथली गोष्ट वेगळी. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याखाली बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. कधी संशय घरातल्याच माणसावर असतो. अशा वेळी ‘पालकांना विश्वासात घेऊ’ म्हणत थांबणं मुलीला पुन्हा त्याच घरात ढकलणं ठरू शकतं. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आणि बालकल्याण समिती यांच्याशी शाळेची ओळख त्या दिवसाच्या आधीच असावी लागते.

शाळेतला हा माणूस शिक्षकच का असू नये, असं संस्थाचालक नेहमी विचारतात. पगाराचा प्रश्न असतो, म्हणून एखाद्या शिक्षिकेला चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन ‘समुपदेशक’ म्हणून नेमलं जातं. याचं उत्तर बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातून मिळतं. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेनं तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी काम केलं; काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला. शाळेत तक्रारपेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, आणि ज्यांना हवं त्यांच्याशी एकट्यानं बोलणं, असा तो कार्यक्रम होता. बाहेरून आलेल्या माणसांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली निराशा आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी राबवला तिथे मात्र फरक दिसला नाही.

शिक्षकांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. सकाळी ज्या बाईंनी गृहपाठाबद्दल रागावलं, त्याच बाईंना दुपारी मनातलं सांगणं मुलाला जमत नाही. पालकांचंही तसंच आहे : मार्क देणाऱ्या माणसासमोर आई-वडील बचावाच्या पवित्र्यात बसतात. शिक्षकांचं काम दुसरं आहे, आणि तेही कमी मोलाचं नाही. मुलात झालेला बदल सगळ्यांत आधी त्यांना दिसतो. त्यांनी तो टिपावा आणि योग्य माणसाकडे पोचवावा.

असा माणूस शाळेत असणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं आणि कोचिंग क्लास यांच्यासाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. कर्मचाऱ्यांचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, पालकांसाठी नियमित जागृती कार्यक्रम, ‘टेली-मानस’सारख्या हेल्पलाइनचे नंबर दर्शनी भागात. आणि गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, झेपणार नाहीत अशी उद्दिष्टं लादू नयेत. गुणवत्तेप्रमाणे ‘अ’ पासून ‘ड’ पर्यंत तुकड्या पाडणाऱ्या आपल्या शाळांनी हा निर्देश दोनदा वाचावा.

कोचिंगचा उल्लेख आला म्हणून लातूर-नांदेडबद्दल बोललं पाहिजे. दहावी झाली की पंधरा-सोळा वर्षांची मुलं तिथे खोली घेऊन राहतात, मेसचा डबा खातात, दर रविवारी चाचणी देतात. काही घरांतून आईही सोबत येते. मग एका मुलाच्या प्रवेशासाठी अख्खं घर दोन गावांत वाटलं जातं. या मुलांचं आई-वडिलांशी रोजचं बोलणं फोनवर होतं आणि ते बहुधा ‘पेपर कसा गेला’ इथून सुरू होऊन तिथेच संपतं. दूर राहणाऱ्या मुलाच्या आवाजातला फरक ओळखायला शिकवणं हे समुपदेशकाचं पालकांसाठीचं काम आहे : झोप उडणं, जेवण तुटणं, मित्रांची नावं बोलण्यातून गायब होणं, आवडती वस्तू कुणाला देऊन टाकणं, ‘आता काय फरक पडतो’ असं वारंवार म्हणणं. असं काही दिसलं तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं थेट विचारायला घाबरू नये. विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटतं. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, आणि तो पालकांनाही वापरता येतो.

याहून अवघड परिस्थिती बीड जिल्ह्यात आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात, पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राहतात. मुलं मागे राहिली तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. तिथे ‘पालकांना बोलावणं’ कुणाला? वयात आलेली मुलगी मागे ठेवायची भीती आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्यामुळे जोडीलाच मिळणारी मजुरी, या दोन्हींमुळे लवकर लग्नं लावली जातात. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २१.९ टक्के होतं; बीडमध्ये ते जवळपास दुप्पट होतं. अशा शाळेत आई-वडील गाव सोडण्याआधीच त्यांच्याशी बोलावं लागतं. मुलगी कुणाजवळ राहणार, त्या माणसाचा नंबर काय, फडावर रात्री कुठल्या फोनवर बोलता येईल, तिच्या लग्नाची बोलणी निघाली तर ती कुणाला सांगू शकेल. शहरातल्या समुपदेशनाच्या पुस्तकात हे प्रश्न नसतात. माझ्या मते नववी-दहावीतल्या त्या मुलीसाठी मन जपण्याची सुरुवात याच प्रश्नांपासून होते.

तिथे उपयोगी पडेल अशी एक यंत्रणा कागदावर आहे. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं राज्यातल्या शाळांत ‘सखी सावित्री समिती’ स्थापन करायला सांगितलं. समुपदेशक, पालक, डॉक्टर आणि स्वतः विद्यार्थी एका टेबलाशी बसतील अशी तिची रचना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघडकीला आला, तेव्हा या समित्या किती शाळांत खरोखर बसतात, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. फलकावर नावं रंगवलेली असणं आणि समितीची बैठक होणं, यातलं अंतर पालकच मोजू शकतात.

शाळेबाहेर मदत अजिबात नाही असं नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही संस्था पालकांबरोबर दीर्घकाळ काम करते आहे.  सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. शाळेच्या समुपदेशकानं औषध द्यायचं नसतं, निदानाचा शिक्काही मारायचा नसतो. आपलं काम कुठे संपतं आणि मानसोपचारतज्ज्ञाचं कुठे सुरू होतं, हे ओळखून पालकांना पुढचा पत्ता द्यायचा असतो. तो पत्ता खिशात टाकून पालक घरी जातात आणि अनेकदा तिथेच थांबतात. म्हणून काही समुपदेशक पहिली वेळ स्वतः ठरवून देतात, आणि त्या दिवशी संध्याकाळी फोन करून विचारतात.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरं सत्र सुरू होईल, पालक-शिक्षक संघाची बैठक लागेल. त्या बैठकीत एरवी सहल, गॅदरिंग आणि फी एवढंच असतं. या वेळी पालकांनी थोडे वेगळे प्रश्न विचारावेत. आपल्या शाळेत समुपदेशक आहे का, आठवड्यातून किती दिवस येतो, किती मुलांमागे एक? त्याला दार लागणारी वेगळी खोली आहे की स्टाफरूमच्या कोपऱ्यात टेबल? त्याला ऑफ पिरियडवर किंवा परीक्षेच्या सुपरव्हिजनला पाठवतात का? मुलं जे सांगतात त्यातलं काय मुख्याध्यापकांपर्यंत जातं आणि काय आमच्यापर्यंत, हे लिहून द्याल का? आणि समुपदेशकाशी आमची पहिली भेट, मुलाचं काहीही बिघडलेलं नसताना, कधी ठेवताय?